विचारणारी सीडी

आहुप्याच्या इंद्रायणी भिका गवारीला संस्थेनं नोकरीवरून काढलं, असं घोडेगावात कुणी सांगितलं तर ते साफ खोटं आहे. तिनं नोकरी सोडली. तीही दोनशे माणसांदेखत, व्यासपीठावरून उतरून, शांतपणे चपला घालून. आणि भांडण कशावरून? कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम बसवताना जुनं सगळं पुसण्याआधी माणसाला विचारायचं की नाही, एवढ्यावरून. साहेब म्हणत होते, विचारायचं नाही. ही म्हणत होती, विचारायचं म्हणजे विचारायचं. आपल्याकडे बांधावरून डोकी फुटतात, मानपानावरून लग्नं मोडतात. पण असल्या कारणावरून घरी बसलेली बाई आंबेगाव तालुक्यानं पहिल्यांदाच पाहिली.

आहुपे म्हणजे डिंभ्याच्या धरणाच्याही पलीकडे, जिथं एसटी वळून परत फिरते ते गाव. पुढं कडा, आणि कड्याखाली कोकण. भात, नाचणी, वरई पिकवायची आणि हंगामात हिरडा गोळा करायचा, यावर घरं चालायची. इंद्रायणी तिथल्या आश्रमशाळेत शिकली आणि शहाण्णव साली जुन्नरला मावशीकडं राहून कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागली. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागायचं. चार मशिनी, चारही फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेल्या. सर फळ्यावर कीबोर्ड काढायचे आणि पोरं तो वहीत उतरवून घ्यायची. मशीनला हात लावायला मिळायचा तो आठवड्यातून एकदा. पहिल्याच दिवशी इंद्रायणीनं एका बटणाकडं बोट दाखवून विचारलं, "सर, हे दाबलं तर काय होतं?" सर म्हणाले, "ते दाबायचं नाही." तिनं दाबलं. मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं, एवढंच. पण तिचं आठवड्याचं बसणं गेलं, आणि तिला कळलं की बटण काय करतं हे सांगण्यापेक्षा ते दाबू नको म्हणणं लोकांना फार सोपं जातं.

दोन हजार एकला ती पुण्याच्या एका संस्थेत लागली. संस्थेचं काम चांगलं होतं. शहरातल्या कचेऱ्यांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर आणायचे, झाडूनपुसून दुरुस्त करायचे, त्यांच्यावर लिनक्सची फुकट मिळणारी सिस्टीम मराठीत बसवायची आणि जुन्नर-आंबेगावातल्या शाळा, डेअऱ्या, ग्रामपंचायती, बचतगट, ज्याला हवं त्याला द्यायचे. या भागाचे प्रमुख होते अमृत सर. राजुरीच्या बागायतदार घरातले, पुण्यात शिकून इंजिनिअर झालेले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडण सोपं झालं असतं. स्वतः खांद्यावर मॉनिटर वाहायचा, रस्त्यात गाडी बंद पडली तर धक्का मारायचा, आणि इंद्रायणीला तो पोरगी न समजता इंजिनिअर समजायचा. त्या संस्थेत असं समजणारा तो एकटाच होता, हेही तिच्या लक्षात होतं.

अडचण होती ती सिस्टीम बसवण्याची. सीडी घातली की ती प्रश्न विचारायला लागायची. इंद्रायणीनं मोजले होते, सत्तावीस. कीबोर्ड कुठल्या देशाचा? घड्याळ कुठल्या खंडातलं? डिस्कचे तुकडे किती पाडू? कुठला तुकडा कुठं जोडू? अदलाबदलीची जागा किती ठेवू? राजुरीच्या डेअरीतला सचिव या प्रश्नांपुढं बसायचा तो फाशी सुनावल्यासारखा. मग इंद्रायणीला फोन. मग इंद्रायणी एसटीत. दिवसाला दोन मशिनी झाल्या तरी खूप, आणि यादीत नावं तीनशे.

"माणसाला येतच नाही तो प्रश्न विचारायचा कशाला?" अमृत सर म्हणाले. "आपण एका बटणाची सीडी करू. घातली, दाबलं, झालं."

ही कल्पना इंद्रायणीलाही मनापासून आवडली होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तिनंच सर्वांत जास्त खपून ती सीडी बनवली. इंटरनेटवर दूरदूरच्या लोकांना मोडक्या इंग्रजीत पत्रं लिहिली, कुठं काय बदलायचं ते शिकून घेतलं. पडद्यावर एकच मोठं हिरवं बटण: 'सुरू करा'. दाबलं की वीस मिनिटांत नवीकोरी सिस्टीम. प्रश्न शून्य. डिस्कवर आधीचं जे काही असेल ते पुसून साफ. पण आपल्या मशिनी तर रिकाम्याच जातात, मग पुसायचं काय, असा दोघांचाही हिशेब. एक गोष्ट दोघांच्याही डोक्यात आली नाही. फुकटची चांगली गोष्ट आपल्याकडं दिलेल्या माणसापाशी थांबत नाही. ती सीडी हातोहात फिरली, आणि ज्यांच्या घरी आधीच स्वतःच्या कामानं भरलेले कॉम्प्युटर होते त्यांच्याकडंही पोचली.

बेल्ह्याचा हौशीराम हा त्यातलाच. जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून जन्म घालवलेला, निवृत्त झाल्यावरही बैलबाजाराचा दिवस न चुकवणारा माणूस. टेंपोतून बैल उतरला की हा आधी त्याच्या खुराला हात लावणार, मग मालकाला रामराम करणार. पुतण्यानं दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर सहा वर्षं तो एका बोटानं एक नोंद करत होता. बाजारात आलेला चांगला बैल कुठल्या गावचा, कुठल्या गायीच्या पोटचा, बाप कोणता, शिंग कसं, खोड कुठली, पुढं कुठं गेला. साडेआठशे बैल. अशी वंशावळ या भागात दुसऱ्या कुणाकडंही नव्हती. गाय भरवायची असली तर लोक आधी हौशीरामाला विचारून जात.

मशीन हळू चालतं म्हणून त्यानं इंद्रायणीला बाजारात गाठलं. तिनं पिशवीतून सीडी काढून दिली. म्हणाली, "भाऊ, ही घाला, हिरवं बटण दाबा आन् चहा पिऊन या."

हौशीरामानं सीडी घातली, हिरवं बटण दाबलं आणि चहा पिऊन आला.

पुढच्या बाजाराला ती बेल्ह्यात उतरली तेव्हा तो एसटीच्या थांब्यावरच उभा होता. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तिला त्यानं घरी नेलं, मशीन चालू करून दाखवलं. नवीकोरी सिस्टीम, झुळझुळ चालणारी, मराठीतून स्वागत करणारी. आणि आत काही नाही.

"माजे बैल कुटं हायेत?" त्यानं विचारलं.

तिनं दोन दिवस त्या मशीनवर काढले. पुसलेलं परत आणायचे जेवढे उपाय तिला येत होते तेवढे केले, नव्हते येत तेही पत्रं लिहून विचारले. एकही बैल परत आला नाही. निघताना ती माफी मागायला लागली, तेव्हा हौशीराम म्हणाला, "तुजा राग न्हाई पोरी. पन येवडं शाणं मशीन तुजं, त्यानं एकदा मला इचारायचं तरी व्हतं. म्या सांगितलं असतं की, बाबा, थांब."

परतीच्या एसटीत इंद्रायणी रडली. मग डोळे पुसून तिनं वहीत लिहिलं: विचारायचं. खाली दोन रेघा ओढल्या. सीडी तिनं स्वतःच्या हातानं दिली होती, ही गोष्ट तिनं कधीच कुणापासून लपवली नाही आणि स्वतःला कधी माफही केली नाही.

अमृत सरांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण ते म्हणाले, "तीनशे मशिनींत एक. बाकी दोनशे नव्व्याण्णव लोक खूश आहेत. एका माणसासाठी सगळ्यांना प्रश्नात पाडायचं का?"

"एक प्रश्न, सर. सत्तावीस न्हाई."

"कर," ते म्हणाले. "करून बघ."

तिनं केला. घाईघाईत केला आणि इंग्रजीतला प्रश्न उचलून, 'डेटा'चं 'विदा' करून, मराठीत ठेवला: 'डिस्कवरील सर्व विदा नष्ट होईल. पुढे जायचे?' खाली दोन बटणं. डावीकडं 'मागे', उजवीकडं 'पुढे'. आणि सीडीची परीक्षा घ्यायला ती गेली आपल्याच गावी, आहुप्याला. अमृत सरही कॅमेरा घेऊन बरोबर आले.

शाळेच्या खोलीत मशीन मांडलं. पहिली बसली लंकाबाई, साक्षरतेच्या वर्गात चाळिशीनंतर वाचायला शिकलेली. इंद्रायणीनं आधी तिला भाताची जेवढी बियाणी माहीत आहेत तेवढी सांगायला लावली आणि तिच्यासमोर टाइप केली. एकतीस नावं झाली. लंकाबाईला पडद्यावर स्वतःचं भात बघून एवढा आनंद झाला की तिनं नातवाला हाका मारून बोलावलं. मग इंद्रायणी म्हणाली, "काकी, आता ही सीडी. ती काय इचारंल त्याचं उत्तर तुमी द्यायचं." लंकाबाईनं अक्षर अक्षर लावत प्रश्न वाचला, थोडा विचार केला, आणि ठामपणे उजवीकडचं बटण दाबलं. एकतीस भातं गेली.

तिच्यानंतर इंद्रायणीचा चुलतभाऊ गोकुळ बसला, वनखात्यात मजुरीवर जाणारा. उजवीकडचं. मग आणखी तिघं. पाचही जणांनी उजवीकडचं दाबलं.

अमृत सर हसले. टोचून नाही, पण हसले. "बघितलंस? वाचत नाहीत गं लोक. तू कितीही विचार, ते पुढे, पुढे, पुढे करत जाणार. प्रश्न हा फक्त आपल्या समाधानासाठी असतो." आणि ते जीपकडं गेले.

इंद्रायणी मात्र तिथंच बसली. ही माणसं वाचत नाहीत हे तिला पटेना. लंकाबाईला तिनं स्वतः वाचताना पाहिलं होतं. तिनं तिलाच विचारलं, "काकी, उजवं का दाबलं?"

"आगं मंग काय डावं दाबू?" लंकाबाई चिडलीच. "चांगल्या कामाला कुनी डावा कौल घेतं व्हय?"

इंद्रायणीला एकदम उलगडलं. आहुप्यात देवाला विचारायची रीत अशी: दगडाच्या देवाला उजवीकडं एक आणि डावीकडं एक तांदळाचा ओला दाणा चिकटवायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवा पडला तर देव राजी. डावा पडला तर काम तिथंच थांबलं. म्हणजे या गावात जन्मलेल्या माणसाच्या लेखी उजवीकडं असतं ते राखणारं, भलं करणारं. आणि आपण काय केलं? सगळं बुडवणारी गोष्ट नेऊन देवाच्या उजव्या अंगाला बसवली. लोकांनी नीट विचार करून उत्तर दिलं होतं. चुकलेला होता तो प्रश्न.

ती घरी गेली आणि भिकाला म्हणाली, "बा, तू देवाला कौल लावताना काय काय इचारतोस रं?"

भिका नाचणी पाखडत होता. त्यानं सूप खाली ठेवलं. "पयल्यानं काय न्हाई इचारत ते आयक," तो म्हणाला. "पेरा कवा करू, हे म्या देवाला इचारत न्हाई. मला डोळं दिल्यात त्यानं. बारीकसारीक गोष्ट घेऊन देवापुडं गेलं तर देव कटाळतो. पन झाड तोडायचं म्हंजे इचारायचं. तोडल्यावर ते उभं ऱ्हात न्हाई ना. आन् इचारताना झाडाचं नाव घ्यायचं. हे अमक्या वाटंवरचं, अमक्या जागंवरचं, तोडू का? नुसतं तोडू का म्हनलं तर देवाला काय कळनार?"

इतकं बोलून त्यानं पुन्हा सूप उचललं. त्याला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सीडी कशी असावी हे त्या संध्याकाळी ओट्यावर बसून ठरलं, आणि ते पुण्याच्या कचेरीतल्या बैठकांत दोन वर्षं ठरलं नव्हतं.

चार महिने ती त्यावर बसली. जे मशीनला स्वतः कळू शकतं, ते माणसाला विचारायचं नाही. कीबोर्ड समोर जोडलेला आहे, बघ की. आहुप्याचं घड्याळ काय अमेरिकेत चालणार आहे? चोवीस प्रश्न तिनं असे उपटून टाकले. उरले तीन. बोलू कुठल्या भाषेत? उघडताना दरवेळी नाव विचारू की सरळ उघडू? आणि तिसरा, मोठा. त्यासाठी सीडी आधी सगळी डिस्क धुंडाळायची आणि काय सापडलं ते नावानिशी दाखवायची: 'या मशीनवर तुमच्या ४१२ फायली आहेत. सगळ्यांत शेवटची परवा लिहिलेली आहे, तिचं नाव हे.' खाली यादी. मग तीन ओळी, एकाखाली एक, डावं-उजवं काही नाही. 'जुनं राहू द्या, शेजारी नवं बसवा.' 'जुनं पुसून टाका, ते परत मिळणार नाही.' 'आज काही करू नका.' दुसरी ओळ निवडली तर नुसतं बटण चालायचं नाही. 'पुसा' हा शब्द हातानं टाइप करावा लागायचा. शेजारी बसवायला जागा नसेल तर तसं सरळ सांगायची, आणि मग दोनच ओळी उरायच्या.

राजुरीचा पप्पू, सायबर कॅफेवाला, हे बघून म्हणाला, "ताई, लई सोपं केलंय. पन मला माज्या डिस्कचं वाटप माजं मलाच करायचं असतंय. मी काय करू?" त्याचंही खरं होतं. त्याच्यासाठी तिनं कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ ठेवली. ती निवडली की जुने सत्तावीसच्या सत्तावीस प्रश्न समोर हजर. ज्याला येतं त्याला अडवायचं नाही, ज्याला येत नाही त्याला नाडायचं नाही.

पुन्हा ती आहुप्याला गेली आणि भाताची नावं पुन्हा पहिल्यापासून टाइप केली. लंकाबाईनं यादीत स्वतःच्या भाताचं नाव वाचलं आणि बोट ठेवलं पहिल्या ओळीवर. गोकुळनं विचार करून 'आज काही करू नका' निवडलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "घरात इचारून येतो." इंद्रायणीला त्या उत्तरानं इतका आनंद झाला की तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

अमृत सरांना मात्र तो तिसरा प्रश्न नकोच होता. दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत घोडेगावात मोठा कार्यक्रम ठरला होता. पुण्याहून देणगीदार येणार, गावोगावच्या दोनशे लोकांना सीड्या वाटायच्या, व्यासपीठावर पडद्यावर सगळं करून दाखवायचं.

"मला पाहुण्यांना एक बटण दाखवायचंय," ते म्हणाले. "यादी, वाचन, शब्द टाइप करा, हे बघून ते म्हणतील गावच्या माणसाला हे झेपणार नाही."

"ज्यांना झेपायचंय त्यांना मी बसवून बघितलंय, सर. तुम्ही तेव्हा नव्हतात."

"इंद्रायणी, सोपं ठेवणं म्हणजे लोकांचा मान ठेवणं."

"न विचारता पुसणं म्हणजे सोपं ठेवणं न्हाई. आपलं आपण सोपं करून घेणं आहे ते."

त्यांनी कार्यक्रमाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, "एका बटणाचीच वाटायची. हा माझा निर्णय आहे. पटत नसेल तर तुझं तू बघ."

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. हारतुरे झाले, दीप लावला, पाहुण्यांनी खेड्याकडं चला वगैरे सांगून झालं. मग प्रात्यक्षिक दाखवायला इंद्रायणीला पुकारलं. टेबलावर रिकामं मशीन ठेवलेलं होतं आणि शेजारी अमृत सरांचा लॅपटॉप, पडद्याला जोडलेला. ती माइकपाशी गेली. हातात एका बटणाची सीडी होती.

"ही सीडी फार सोपी आहे," ती म्हणाली. "एवढी सोपी की मी ती सरांच्या लॅपटॉपमध्येच घालून दाखवते."

तिनं लॅपटॉपचा कप्पा उघडला. अमृत सर खुर्चीतून उठले आणि हसत हसत पुढं आले, पण त्यांचा हात झटकन लॅपटॉपवर आला.

"यात नको. त्या मशीनमध्ये दाखव."

"का, सर?"

"यात माझं काम आहे."

माइक चालूच होता. वाक्य सगळ्या सभागृहानं ऐकलं. तिसऱ्या रांगेतून हौशीराम उभा राहिला. त्याला कुणी शिकवून आणलं नव्हतं; बेल्ह्याहून सीडी घ्यायला आलेल्यांत तो होता.

"सायेब," तो म्हणाला, "माज्याबी मशीनमदी माजं काम व्हतं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाहुणे एकमेकांकडं बघत राहिले. अमृत सरांचा चेहरा लाल झाला होता, पण हात लॅपटॉपवरून निघाला नव्हता. ते हळू आवाजात म्हणाले, "ही वेगळी गोष्ट आहे, इंद्रायणी. खाली उतर."

"उतरते," ती म्हणाली. "वेगळी कशी, ते तुम्ही यांना सांगा."

कचेरीच्या किल्ल्या तिनं टेबलावर ठेवल्या. सीडी परत तिच्या पाकिटात घालून त्यांच्यापुढं ठेवली. पायऱ्या उतरली, दाराशी चपला घातल्या आणि बाहेर पडली. एसटीला अजून दीड तास होता आणि तो सगळा वेळ ती स्टँडवर, आपण काय करून बसलो, म्हणून कपाळाला हात लावून बसली होती. पण परत जावं असं तिला एकदाही वाटलं नाही.

त्या दिवशी एका बटणाच्याच सीड्या वाटल्या गेल्या. भांडण ती हरली, असंच घोडेगावात सगळ्यांचं मत पडलं.

तिनं बेल्ह्यात बाजाराच्या तोंडाशी एक गाळा घेतला आणि दुरुस्तीचं दुकान टाकलं. स्वतःची सीडी स्वतः छापून ती देऊ लागली. नाव वगैरे काही दिलं नव्हतं, पण लोकांनीच दिलं. टेंपोवाले, डेअरीवाले, शाळामास्तर यायचे आणि म्हणायचे, "ती इचारणारी सीडी द्या." हौशीराम गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून पुन्हा पहिल्यापासून बैल लिहीत होता, बाजारात प्रत्येकाला गाठून, आठवतंय तेवढं वदवून घेत. अडीचशेपर्यंत पोचला होता. जे मालक मेले त्यांचे बैल गेले ते गेलेच.

संस्थेचा माणूस एकदा येऊन गेला. दोन ग्रामपंचायतींच्या मशिनी साफ पुसल्या गेल्या होत्या, वर ओरड झाली होती. सीडी द्याल का, म्हणाला. फक्त ती यादी आणि तो शब्द टाइप करणं तेवढं काढलं तर बरं. इंद्रायणीनं त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "न्यायची तर अख्खी न्या. तोडून मिळणार न्हाई." तो तसाच गेला. महिन्याभरानं परत आला आणि अख्खी घेऊन गेला.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात बाजाराच्याच दिवशी दुकानातला फोन वाजला. गर्दी होती, बाहेर बैल हंबरत होते. तिनं रिसीव्हर खांद्यात धरला. पलीकडं अमृत सर होते. दोन वर्षांत पहिल्यांदा. ख्यालीखुशाली दोन्हीकडून अडखळतच झाली.

"राजुरीच्या घरी जुनं मशीन आहे," ते म्हणाले. "वडलांना द्यायचंय म्हणून नीट करायला घेतलं. तुझीच सीडी घातलीये."

"बरं मग?"

"ती थांबलीये. यादी दाखवतेय. मला वाटलं होतं यात काही नाही. माझ्या लेकीचे, श्रेयाचे फोटो आहेत गं यात, पहिल्या वाढदिवसाचे. आईनं सांगितलेलं काहीतरी मी टाइप केलेलं आहे, ती गेली त्याच्या आदल्या वर्षीचं. मला आठवतही नव्हतं." त्यांनी पडद्यावरची पुढची ओळ वाचली. "शेजारी बसवायला जागा नाही म्हणतेय. एक तर पुसा नाहीतर आज काही करू नका. मी काय निवडू?"

गिऱ्हाईक समोर ताटकळलं होतं. इंद्रायणीच्या ओठावर हजार गोष्टी आल्या, हौशीरामाच्या, दोनशे सीड्यांच्या, त्या लॅपटॉपवरच्या हाताच्या. त्यातली एकही ती बोलली नाही.

"ते मी कसं सांगणार, सर?" ती म्हणाली. "मशीन तुमचं, आई तुमची. तुमचं तुम्ही ठरवायचं. म्हणून तर विचारलंय."